उवा आणि वेगळा बाक

कपिलधारच्या डोंगरात सीताफळे पिकली की घराघरांत बिया साठतात. बिया वाटून लावल्या की उवा मरतात, हे आमच्या आया-आज्यांचे ज्ञान. ते खोटे नाही. पण ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, हे सांगायला कुणी येत नाही. रॉकेलही तसलेच, चुलीपुढच्या पोरीच्या डोक्याला रॉकेल म्हणजे आगीला आवतण.

दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातली माणसे उसतोडीला जातात. एका कोपीत सगळ्यांची डोकी एकमेकांना लागून. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. डोक्याला डोके लागले की चालत जाते. धुतलेल्या केसांतही ती सुखाने राहते. तरी गुरुजी आमच्या पोरीला वेगळ्या बाकावर बसवतात. तेव्हा 'घाणेरडी' हा शब्द उवांसाठी नसतो, कुणासाठी असतो ते आम्हाला पक्के ठाऊक आहे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहायला सांगितले ते स्वाभिमानासाठी. त्याच स्वच्छतेची काठी करून आमच्या लेकरांना कोण हाणतो, हा आमचा सवाल आहे.

उपाय साधा, पण चिकाटीचा. ओल्या केसांतून बारीक दातांची फणी, दर दोन-तीन दिवसांनी, किमान दोन आठवडे. लिखा ७ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून परमेथ्रिनचे औषध डॉक्टरला विचारून लावले तरी आठवड्या-नऊ दिवसांनी पुन्हा लावावे लागते. आणि घरातली सगळी डोकी एकाच दिवशी तपासा. बापाचेही, तो 'मला नाहीत' म्हणेलच.