ओरछा दरवाजा, उन्नाव दरवाजा, भांडेरी दरवाजा

झाशीच्या जुन्या कोटाला ज्या वेशी आहेत, त्यांची नावं म्हणजे सायकल चालवणाऱ्यांसाठी आयता नकाशाच आहे. ओरछा दरवाजा, दतिया दरवाजा, उन्नाव दरवाजा, भांडेरी दरवाजा, सागर खिडकी. ज्या गावाकडे वाट जाते, त्याच गावाचं नाव वेशीला. लग्न होऊन मी रत्नागिरीहून इथे आले त्याला २१ वर्षं झाली, पण या वेशींमधून सायकलवर बाहेर पडायला मला लेकीची हनुवटी फुटावी लागली.

ते आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी आणि माझी १४ वर्षांची मुलगी कानपूरच्या हमरस्त्याने परत येत होतो. भुश्याने फुगलेली ट्रॅक्टर-ट्रॉली अगदी अंगावरून गेली. तिचा धक्काही लागला नाही, नुसत्या घाबरण्याने लेक रस्ता सोडून खडीत गेली आणि पडली. हनुवटीला तीन टाके पडले आणि कोपर सोलून निघालं. घरी निकाल लगेच लागला, सायकल बंद. सासूबाई म्हणाल्या, "पोरीची जात आहे, तोंडावर खूण राहिली तर?"

दोन महिने सायकल अंगणात उभी होती. तिचा दादा मात्र त्याच हमरस्त्याने रोज क्लासला सायकलवरच जात होता. एक दिवस जेवताना ही म्हणाली, "आई, झाशीच्या स्टेशनलासुद्धा राणीचं नाव दिलंय. आणि आपल्या घरात मुलीला सायकल बंद, मुलाला चालू. धोका सायकलचा आहे की रस्त्याचा?"

उत्तर कोणाकडेच नव्हतं. मग आम्ही रस्तेच निवडायला बसलो. झाशीत देशातले दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात, उत्तर-दक्षिण ४४ क्रमांकाचा आणि पूर्व-पश्चिम २७ क्रमांकाचा. हे दोन्ही घरातल्या सर्वांना बंद, दादालाही. तो आठवडाभर फुगून बसला होता. त्यामुळे दतियाचा बीरसिंह महाल आणि कानपूर वाटेवरचं चिरगाव यादीतून गेलं. कवी मैथिलीशरण गुप्तांचं ते गाव, मला फार बघायचं होतं. पण ते आता मोटारीने.

माझं सायकलचं शिक्षण आरे-वारेच्या रस्त्यावर झालं. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा तो किनारी रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. एक चढ दम काढतो, वर पोचलात की खाली अख्खा समुद्र, उतार सुरू होतो तोच पुढची खाडी आणि पुन्हा चढ. कोकणात अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नसतो, चढ मोजावे लागतात. बुंदेलखंडात उलटं. रस्ता जवळजवळ सपाट, कडेला एकावर एक रचून ठेवल्यासारखे ग्रॅनाइटचे गोल धोंडे, मध्ये गहू, हरभरा, मटार, मोहरी. इथे परीक्षा चढाची नसते, उन्हाची आणि वाऱ्याची असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्यामुळे हंगाम नोव्हेंबर ते मार्चचा. त्यातही डिसेंबरअखेर आणि जानेवारीत धुकं असतं. समोरचा बैल दिसत नसेल तर निघूच नका, ऊन पडू द्या.

बैलावरून आठवलं. या भागात दूध न देणारी गुरं मोकळी सोडण्याची 'अन्ना प्रथा' आहे. गुरं रस्त्याच्या मध्यावर बसतात आणि उठत नाहीत. घंटी वाजवून उपयोग नाही, मागून वळसा घालून जा. अंधारात तर सायकल चालवूच नये याचं हे एक कारण पुरेसं आहे.

पहिला रस्ता ओरछ्याचा. अंतर साधारण १८ किलोमीटर, रमतगमत दीड तास. सुरुवातीला खजुराहोकडे जाणारा मोठा रस्ता लागतो, तेवढा पहाटे उजाडताच उरकायचा. ओरछा तिगैल्याला वळलं की वाहतूक एकदम पातळ होते. या तिठ्याच्या आगेमागे उत्तर प्रदेश संपून मध्य प्रदेश सुरू होतो, मोबाइलवरच्या स्वागताच्या संदेशावरून कळतं तेवढंच. पुढे सातार नदीकाठी चंद्रशेखर आझादांची जागा आहे. १९२५ च्या काकोरी प्रकरणानंतर ते इथे हरिशंकर ब्रह्मचारी या नावाने साधू बनून राहिले होते. लेकीला इथून हलवणं मुश्कील असतं.

ओरछ्यात गर्दी रामराजाच्या मंदिरात असते. आम्ही सरळ बेतवेच्या पुलावर जातो. पूल अरुंद आणि इतका ठेंगणा की पावसाळ्यात पाण्याखाली जातो. हिवाळ्यात मात्र त्याच्यावरून बुंदेला राजांच्या छत्र्या पाण्यात उलट्या दिसतात, आणि छत्र्यांच्या शिखरांवर गिधाडं बसलेली असतात. गिधाडं देशभरातून जवळजवळ नाहीशी झाली, कारण गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांतून त्यांच्या पोटात जाई. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. इथल्या शिखरांवर ती अजून घरटी करतात. दुर्बीण नसली तरी चालते, पंख पसरले की कळतं.

पूल ओलांडला की बेतवा आणि जामनी या नद्यांमधलं अभयारण्य सुरू होतं, सुमारे ४५ चौरस किलोमीटरचं. तिकीट काढून आत सायकलने फिरता येतं, आणि सायकल नसेल तर गावात भाड्याने मिळते. लहान मुलं असतील तर हाच बेत उत्तम. झाशीहून रिक्षाने या, सायकल इथे घ्या.

दुसरा रस्ता बरुआसागरचा. तोही खजुराहोच्याच रस्त्यावर, २४ किलोमीटर. वाहनं जास्त असतात, म्हणून नवख्यांना मी तो सांगत नाही. वाटेवर प्रतिहार काळातलं जराई का मठ हे मंदिर, आणि शेवटी ओरछ्याच्या उदितसिंह राजाने बांधलेला मोठा तलाव. येताना तिथलं आलं आणायचं, इथल्या आल्याचं नाव आहे.

तिसरा रस्ता भांडेरचा, आणि माझ्या लेकीच्या दृष्टीने रस्ता हा एकच.

४ एप्रिल १८५८ च्या रात्री राणी लक्ष्मीबाई किल्ल्यातून निघाल्या त्या भांडेरी दरवाजातून. सकाळपर्यंत त्या भांडेरला पोचल्या होत्या. पाठलागावर आलेल्या इंग्रज तुकडीशी तिथे चकमक झाली, आणि तिथून कोंचमार्गे त्या काल्पीला गेल्या. चोवीस तासांत सुमारे १५० किलोमीटर, घोड्यावर. त्या वेळी झाशीत अडकलेला एक कोकणी माणूस होता, पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. दक्षिणा मिळवायला म्हणून ते चालत उत्तरेत आले आणि वेढ्यात सापडले. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना तहानलेली राणी भेटली. हे पाणी काढून द्यायला निघाले, तर तिने त्यांना तो त्रास घेऊ दिला नाही. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ साली छापून आला. मराठी घरात तो असायलाच हवा, आमच्याकडे त्याची पानं आता सुटी झाली आहेत.

भांडेरचा रस्ता उन्नाववरून जातो. उत्तर प्रदेशातल्या मोठ्या उन्नावशी गल्लत करू नका, हे पहूज नदीकाठचं बालाजीचं उन्नाव, झाशीहून १७ किलोमीटरवर. बालाजी म्हणजे इथे सूर्य. मूर्ती नाही, २१ त्रिकोण कोरलेली दगडी तबकडी आहे. रविवारी भाविकांची गर्दी असते.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही हा बेत केला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मलाही बालाजीचं दर्शन घ्यायचंच आहे." आम्ही निघायच्या आधीच त्या रिक्षाने गेल्या. का, ते कोणी विचारलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा त्या पायरीवर गूळपोळ्यांचा डबा घेऊन बसल्या होत्या. लेक सायकलवरून उतरली तशी त्यांनी आधी तिची हनुवटी वर करून पाहिली, मग सायकलजवळ जाऊन दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. "नीट लागतायत ना? मग जा."

उन्नावच्या पुढे रस्ता अरुंद होतो. कुठे डांबर उत्तम, कुठे खड्डे. शर्यतीच्या सायकलचे पातळ टायर इथे टिकत नाहीत, थोडे जाड टायर असलेली साधी सायकल बरी. एक जादा ट्यूब, छोटा पंप, माणशी दोन लिटर पाणी, मागे लाल लुकलुकणारा दिवा, डोक्याला हेल्मेट. गावोगावी पंक्चरवाला असतो, पण तो दहाच्या आत दुकान उघडेल याची खात्री नाही. आणि बायकांसाठी एक गोष्ट, जी कुठल्याच प्रवासलेखात कोणी लिहीत नाही: स्वच्छतागृह. निघण्याआधी वाटेवरचे पेट्रोल पंप नकाशावर बघून ठेवा. पाणी कमी पिऊन वेळ मारून नेऊ नका. मी एकदा तसं केलं आणि दोन दिवस डोकं धरून बसले.

वाटेत एका शेतात बायका मटार तोडत होत्या. त्यांतल्या एकीने हाक मारली, कुठून आलात, कुठे चाललात. भांडेर ऐकून तिने लेकीच्या हातात ओंजळभर शेंगा ठेवल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं की घरचे पुरुष कुठे आहेत. लेक म्हणाली, "घर पर, सो रहे हैं." सगळ्या हसल्या.

भांडेरला पोचायला साडेदहा वाजले. साधारण ४० किलोमीटर, थांबत थांबत चार तास. ऊन तापायला लागलं होतं आणि माझे गुडघे बोलत होते. परतीला दोन्ही सायकली जीपच्या टपावर बांधायच्या असं आधीच ठरलं होतं. चहाच्या टपरीवर बसून लेकीने मोबाइलवर नकाशा उघडला आणि बोटाने पुढचा रस्ता ओढत गेली.

"आई, कोंच इथून किती आहे बघ ना."

मी जीपवाल्याला फोन लावला, तर तो अजून निघालाच नव्हता. मग आणखी एक चहा सांगितला आणि नकाशा बघायला घेतला.