हौसेच्या चाकांचा हिशेब

नवी मोटार दारात उभी राहते न राहते तोच तिची मूळची पोलादी चाके काढून रुंद, चकचकीत मिश्रधातूची चाके बसविण्याची हौस आता धनिकांपुरती राहिलेली नाही. हप्ते फेडणारा पगारदारही तिच्या आहारी गेला आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ साली मांडलेली दिखाऊ उपभोगाची कल्पना येथे चपखल लागू पडते. चाकाची शोभा गाडीत बसलेल्याला दिसतच नाही, ती दिसते शेजाऱ्याला!

खर्च मात्र चाकापाशी थांबत नाही. रिमचा व्यास वाढविला की चाकाची एकूण उंची तीच राखण्यासाठी टायरची बाजू आखूड करावी लागते. साहजिकच खड्ड्याचा दणका रिमला बसतो, आणि आपल्या रस्त्यांवर खड्ड्यांची वानवा कधीच नव्हती. विमा कंपनीस न कळविलेल्या फेरफारांवरून भरपाईचा वाद उद्भवतो, तो निराळाच. गाडी विकताना तर गिऱ्हाईक या सजावटीचे दाम क्वचितच मोजते. उलट गाडी बेफाम हाकली गेली असावी, असा संशय घेते.

कायदाही कडक आहे. नोंदणीपुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल, अशा बदलास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा फेरफारामागे मालकास ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत.

चाकांसाठी तीन वर्षांचे कर्ज काढले असेल, तर ती पहिल्याच पावसाळ्यात वाकली तरी उरलेले हप्ते घरखर्चातूनच जावयाचे.