पडद्यावरची गोळी आणि मनातली कणव

गेवराईच्या बसस्थानकावर काय किंवा पुण्या-मुंबईच्या एखाद्या सोसायटीच्या जिन्यात काय, दृश्य सारखेच असते. चार मुले आपापल्या मोबाइलवर माना खाली घालून बसलेली असतात आणि मधूनच ‘मागून आला, मार’ असा आवाज उठतो. पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या मनात प्रश्न येतो, की दिवसभर माणसे मारण्याचा हा खेळ खेळणाऱ्या मुलांच्या मनात दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव उरेल काय?

ही शंका अनाठायी नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये बेळगावजवळील काकती येथे एका तरुणाला स्वतःच्या वडिलांची हत्या केल्याच्या आरोपावरून अटक झाली. सतत ‘पब्जी’ खेळण्यावरून झालेला वाद त्यामागे असल्याचे तेव्हा सांगण्यात आले आणि महाराष्ट्रातील घराघरांत या खेळाची धास्ती पसरली. मात्र वाद मोबाइल हातातून सोडण्यावरून होता. पडद्यावरील हिंसेने मन निबर केले की खेळाच्या व्यसनाने विवेक हरपला, हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची उत्तरेही वेगळी आहेत.

पहिल्या प्रश्नावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. अमेरिकेतील ब्रॅड बुशमन आणि क्रेग अँडरसन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३२० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वीस मिनिटे हिंसक अथवा अहिंसक खेळ दिला. त्यानंतर खोलीबाहेर मारामारीचे ध्वनिमुद्रण ऐकवण्यात आले. जे मदतीला धावले, त्यांतील अहिंसक खेळ खेळलेल्यांना सरासरी १६ सेकंद लागले, तर हिंसक खेळ खेळलेल्यांना ७३. मदतीला जाणाऱ्यांच्या एकूण प्रमाणात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही.

जर्मनीतील सिमोन क्यून आणि सहकाऱ्यांनी याहून दीर्घ कसोटी घेतली. प्रौढांच्या एका गटाला दोन महिने रोज ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ हा हिंसक खेळ खेळण्यास सांगितले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या आक्रमकतेत वा सहवेदनेत लक्षणीय बदल झाला नाही. ब्रिटनमधील १४-१५ वर्षांच्या सुमारे हजार मुलांच्या २०१९ मधील पाहणीतही हिंसक खेळ आणि आक्रमक वर्तन यांचा संबंध दिसला नाही. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने २०२० मध्ये सावध भूमिका घेतली. आरडाओरडा, ढकलाढकली अशा वर्तनाशी या खेळांचा लहानसा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही, असे तिने म्हटले.

याचा अर्थ उमगणे कठीण नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला रक्ताची सवय होते, म्हणून रुग्णाविषयीची त्याची कणव आटत नाही. सवय प्रसंगाशी बांधलेली असते. पडद्यावरील बाहुली पडली तरी ती बाहुलीच आहे, हे बहुतेक मुलांना पक्के ठाऊक असते.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. खेळावर ताबा न राहणे, अन्य सर्व गोष्टींपेक्षा त्याला प्राधान्य देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे या लक्षणांना जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये विकार म्हणून मान्यता दिली. २०२२ पासून हे वर्गीकरण लागू आहे. त्यात खेळ हिंसक असण्याची अट नाही. सहवेदना ही समोरच्याचा चेहरा वाचून, भांडून, रुसून आणि समेट करून शिकायची गोष्ट आहे. त्या सरावाचे तास पडदा गिळू लागला, की खेळ बंदुकीचा असो वा फळे कापण्याचा, हानी ठरलेलीच.

येथे गेवराईचे उदाहरण बोलके ठरते. या तालुक्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ती परततात उन्हाळ्याच्या तोंडावर. मागे राहिलेली मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात वाढतात. आईवडिलांशी बोलण्याचे साधन मोबाइल, करोनाकाळात शाळाही मोबाइलच आणि संध्याकाळचा सोबतीही तोच. शहरात दोघेही पालक रात्री उशिरा घरी येतात, तेथे कारण वेगळे असले तरी पोकळी तीच असते.

बंदीने ती भरत नाही. केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पब्जी’वर बंदी घातली, तीही हिंसेसाठी नव्हे, तर देशाच्या सुरक्षेचे कारण देऊन. पुढल्याच वर्षी तो खेळ नव्या नावाने परतला. २०२२ मध्ये पुन्हा हटवला गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा आला. त्या वेळी १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली, परंतु आजोबांचा फोन नातवाच्या हाती असेल तर मर्यादा कोणाच्या वयाची धरायची?

तेव्हा पालकांनी मोबाइल हिसकावण्याआधी मुलाशेजारी बसून एक डाव पाहावा. हरल्यावर तो कसा वागतो, फोन ठेवताना चिडतो का, झोप आणि मित्र तुटले आहेत का, याकडे लक्ष द्यावे. ही लक्षणे दिसली तर समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. दूर फडावर असलेल्या आईने रात्री ‘आज कोणाशी भांडलास, कोणाशी खेळलास’ एवढे विचारले, तरी कणवेचा धडा त्या मोबाइलवरूनही देता येतो.