वेळेवर पोचणारं गणित

वऱ्हाडातल्या पेढी नदीकाठच्या वलगावात जून लागला की घरोघर एकच प्रश्न असतो: पेरायचं की थांबायचं? वापसा आहे, सोयाबीनचं बियाणं घरात आहे. पण पुढे पावसाने दडी मारली तर दुबार पेरणी ठरलेली.

या प्रश्नाचं गणित पुण्यात पाषाणला होतं. भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या 'अर्का' महासंगणकाची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. मे २०२५ मध्ये त्याच्यावर 'भारत फोरकास्ट सिस्टीम' ही हवामान अंदाजाची प्रणाली सुरू झाली आणि अंदाजाची चौकट १२ किलोमीटरवरून ६ वर आली. चौकटीची बाजू निम्मी झाली की चौकटी चौपट होतात. काळाची पावलंही तेवढीच बारीक टाकायची तर गणित ढोबळमानाने आठपट वाढतं. त्याबरोबर विजेची भूकही.

महासंगणकांच्या या घराण्याशी वऱ्हाडचं नातं आहे. मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा केला. एका दांडग्या प्रोसेसरवर विसंबण्याऐवजी अनेक छोट्यांत काम वाटायचं, ही त्याची रीत. आजचे महासंगणकही त्याच रीतीने चालतात.

पऱ्हाटीच्या वेचणीत प्रत्येक बाई आपली तास धरते, तसा इथे प्रत्येक प्रोसेसर नकाशाचा एक तुकडा धरतो. पण हवा धुरा मानत नाही. दर पावलाला शेजारच्या तुकड्याकडून वारा आणि ओल किती आली, हे विचारावंच लागतं. ढगांची गर्दी असलेल्या तुकड्याचं गणित जड असतं. तो मागे राहतो आणि बाकीचे खोळंबतात. खोळंबलेला प्रोसेसर स्वस्थ बसत नाही. 'निरोप आला का?' असं सतत तपासत तो वीज खातच राहतो.

म्हणून पहिला उपाय म्हणजे कामाची समान वाटणी. दुसरा अधिक नाजूक: ज्याचं काम हलकं, त्याचा वेग थोडा उतरवायचा, म्हणजे तो शेवटच्याच्या बरोबरीने पोचेल. चिपचा वेग आणि व्होल्टेज दोन्ही १० टक्क्यांनी कमी केले, तर गणनेत दर क्षणाला खर्च होणारी वीज सुमारे २७ टक्क्यांनी उतरते. वेळ मात्र जास्तीत जास्त ११ टक्के वाढतो. तरी फार हळू चालूनही भागत नाही. यंत्र चालू आहे तोवर मेमरी आणि शीतकरण आपला वाटा घेतच असतात.

हा तोल सांभाळणं महत्त्वाचं आहे, कारण अंदाजाला मुदत असते. पाऊस पडून गेल्यावर आलेला अंदाज कितीही अचूक असला तरी वाया गेला. आणि मुदतीच्या कितीतरी आधी पोचण्यासाठी जाळलेली वीज पेरणाऱ्याच्या उपयोगाची नाही. पंपासाठी रात्री थ्री-फेज विजेची वाट पाहणाऱ्या वलगावला विजेचं मोल कुणी समजावून सांगायला नको. सकाळी तिफण बाहेर काढण्याआधी अंदाज हातात पडला, आणि तो कमीत कमी विजेत तयार झालेला असला, तर त्या यंत्राने आपलं काम चोख केलं.