वार्धक्यातील मूत्राघात, कटिशूल आणि पौरुषग्रंथीचा कर्करोग

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात मूत्राघाताचे बारा प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकी अष्ठीलेचे वर्णन आजच्या वैद्याने पुन्हा एकदा सावकाश वाचावे असे आहे. मलमार्ग आणि बस्ती यांच्या मधल्या जागेत आश्रय घेतलेला वायू दगडी गोट्याप्रमाणे घन, अचल व उंच वर आलेला ग्रंथी उत्पन्न करतो आणि त्यामुळे मल, मूत्र व वायू यांचा अवरोध होतो, असे आचार्य सांगतात. शरीररचनेचे ज्ञान असलेल्या कोणाही वैद्याला ही जागा कोणती हे सांगावे लागत नाही. पुरुषाच्या शरीरात बस्तीच्या मुखाशी, गुदाच्या पुढील भिंतीला लागून, मूत्रमार्गाला वेढून बसलेली अक्रोडाएवढी पौरुषग्रंथी, म्हणजेच प्रोस्टेट, तेथेच असते.

याच वर्णनाच्या आधारे ‘अष्ठीला म्हणजे प्रोस्टेटची वाढ’ असे समीकरण आपल्या महाविद्यालयांतून शिकविले जाते. व्यवहारात ते उपयोगी पडते. मात्र त्याच समीकरणात या ग्रंथीचा कर्करोगही बसविण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण हे दोन विकार ग्रंथीच्या एकाच भागात सुरू होत नाहीत. वयोमानाने होणारी साधी वृद्धी मूत्रमार्गालगतच्या मधल्या भागात होते. त्यामुळे मूत्राची धार बारीक होणे, रात्री तीन-चार वेळा उठावे लागणे, मूत्र थेंबथेंब होणे ही लक्षणे लवकर दिसतात. कर्करोग मात्र सुमारे सत्तर टक्के रुग्णांमध्ये ग्रंथीच्या बाहेरील, गुदाकडच्या भागात उत्पन्न होतो. तेथून मूत्रमार्गावर दाब येण्यास पुष्कळ काळ जावा लागतो. तात्पर्य, मूत्राची तक्रार घेऊन येणाऱ्या वृद्धाला बहुधा कर्करोग नसतो, आणि ज्याला आरंभीचा कर्करोग असतो त्याला बहुधा मूत्राची तक्रार नसते.

या एका गोष्टीतून आपल्या चिकित्सेविषयी महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. चंद्रप्रभा वटी, गोक्षुरादि गुग्गुळ, वरुण, पुनर्नवा या द्रव्यांनी रुग्णाचे मूत्रकष्ट कमी झाले, तर मूत्रकष्ट कमी झाले एवढेच सिद्ध होते. ग्रंथीत दुसरे काही नाही हे त्यातून सिद्ध होत नाही. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथील उष्ण कुंडांवर मुंबई-ठाण्याकडून येणारे वृद्ध यात्रेकरू ‘कुंडात बसले की लघवी मोकळी होते’ असे सांगतात. त्यात नवल नाही. अवगाह स्वेदाने बस्तिप्रदेशाचा स्तंभ शिथिल होतो हे आपणच शिकलो आहोत. पण दर वर्षी कुंडावर येऊन बरे वाटून परत जाणाऱ्या साठीपुढच्या गृहस्थाची एकदा तरी नीट तपासणी झाली आहे का, हा प्रश्न त्याला विचारणारा बहुतेक वेळा कोणी नसतो. तो आपण विचारावा.

याहून अधिक चिंतेचा विषय कटिशूलाचा आहे आणि त्यावर थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. या कर्करोगाला अस्थींचे विशेष आकर्षण असते. कटीचे मणके, श्रोणीच्या अस्थी, फासळ्या आणि मांडीच्या अस्थींचा वरचा भाग येथे तो पसरतो. आपल्याकडे निदान उशिरा होत असल्याने रुग्णाची पहिली तक्रार मूत्राची नसून कंबरेची असणे मुळीच दुर्मीळ नाही. असा रुग्ण प्रथम कोणाकडे जातो? ग्रामीण भागात तो वैद्याकडे, मालिशवाल्याकडे किंवा हाडवैद्याकडे जातो. वय पासष्ट, कंबर दुखते, वेदना मांडीत उतरते, एवढ्यावर गृध्रसी अथवा कटिग्रह असे निदान होते आणि अभ्यंग, कटिबस्ती, जोराचे मर्दन सुरू होते. कर्करोगाने पोखरलेल्या मणक्यावर जोराचे मर्दन किंवा झटका देऊन केलेली हाताळणी म्हणजे अस्थिभंगाला निमंत्रणच होय.

म्हणून साठीनंतर प्रथमच उद्भवलेल्या कटिशूलात काही गोष्टी विचारल्यावाचून तेलाच्या वाटीला हात लावू नये. वेदना विश्रांतीनेही थांबत नाही काय? रात्री झोपेतून उठविते काय? वजन घटले आहे काय? एकाच वेळी कंबर, फासळी, खांदा अशी अनेक ठिकाणे दुखतात काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पायांत दुर्बलता, बधिरता, मूत्र अडणे किंवा मलप्रवृत्तीवरचा ताबा जाणे यांपैकी काही आहे काय? असल्यास सुषुम्नेवर दाब आल्याची शंका घ्यावी. ही वातव्याधीची पंधरा दिवसांची चिकित्सा करून पाहण्याची अवस्था नव्हे. त्याच दिवशी एम.आर.आय.ची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्ण पोहोचला पाहिजे. चालता येत असताना उपचार मिळालेला रुग्ण पुढेही चालण्याची शक्यता मोठी असते. पाय एकदा पूर्ण गेले की ते परत येण्याची आशा फार थोडी राहते. वज्रेश्वरीहून भिवंडी, तेथून ठाणे आणि मग परळ असा प्रवास करणाऱ्या कुटुंबाचा एखादा दिवस वाया जाऊ न देणे वैद्याच्या चिठ्ठीवर अवलंबून असते.

आपल्यापैकी जे अर्श-भगंदराची चिकित्सा करतात, क्षारसूत्र घालतात, त्यांचे बोट तर दररोज या ग्रंथीपासून काही मिलिमीटरवर असते. अंगुली थोडी पुढे वळविली की ग्रंथी हाताला लागते. साधी वृद्धी रबरासारखी लवचीक व गुळगुळीत भासते. दगडासारखा कठीण उंचवटा, एका बाजूचा विषमपणा, मधली खाच नाहीशी होणे ही संशयाची लक्षणे होत. बोटाला काही लागले नाही म्हणून रोग नाही असे मात्र समजू नये.

रक्तातील पी.एस.ए. या परीक्षेविषयी रुग्ण आता स्वतःच विचारू लागले आहेत. पौरुषग्रंथीच्या पेशींत तयार होणारे हे प्रथिन १९७९ साली अमेरिकेत वेगळे केले गेले. तेथील शासनाने १९८६ मध्ये ज्ञात रोगावर लक्ष ठेवण्यासाठी आणि १९९४ मध्ये निदानास साह्य म्हणून या परीक्षेला मान्यता दिली. हे प्रथिन कर्करोगाचे नसून ग्रंथीचे आहे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. साधी वृद्धी, ग्रंथीचा शोथ, मूत्रमार्गाचा संसर्ग, नुकतीच घातलेली मूत्रनलिका, अगदी आदल्या दिवशीचा मैथुनही हा आकडा वाढवितो. उलट, ग्रंथी लहान करण्यासाठी फिनास्टेराइड घेणाऱ्या रुग्णात काही महिन्यांनी तो सुमारे निम्मा दिसतो. ४ या अंकाच्या वर गेला म्हणजे कर्करोग आणि खाली राहिला म्हणजे निश्चिंती, असा अर्थ लावणे दोन्ही बाजूंनी चुकीचे ठरते.

मग लक्षणे नसलेल्या सर्वच पुरुषांची ही परीक्षा करावी का? यावर गेली पंधरा-वीस वर्षे जगभर वाद चालू आहे. युरोपातील आठ देशांत १ लाख ६० हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे २३ वर्षांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. परीक्षेसाठी बोलाविलेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी आढळले. म्हणजे ४५६ पुरुषांना बोलावले तेव्हा एक मृत्यू टळला. लाभ आहे, पण तो सावकाश पदरात पडतो आणि मध्यंतरी ज्यांचा रोग कधीच डोके वर काढणार नव्हता अशांनाही कर्करुग्ण ठरविले जाते. अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने २०१२ मध्ये या सरसकट परीक्षेविरुद्ध मत दिले होते. २०१८ मध्ये त्यांनी ते सौम्य केले आणि ५५ ते ६९ वयातील पुरुषांनी वैद्यकीय सल्ल्याने स्वतः निर्णय घ्यावा असे सांगितले. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते ग्रामीण भागात शिबिरे भरवून सर्वांचे पी.एस.ए. करण्यात शहाणपण नाही, कारण आकडा वाढलेला निघाल्यावर पुढे काय करायचे याची व्यवस्था त्या शिबिरापाशी नसते. परंतु पित्याला किंवा भावाला हा रोग झालेला असेल, अथवा कुळात स्त्रियांना तरुण वयात स्तनाचा किंवा बीजाशयाचा कर्करोग झाला असेल, तर त्या पुरुषाने पन्नाशीच्या आतच तज्ज्ञाशी बोलावे हे निश्चित.

निदान झाले म्हणजे लगेच शस्त्रक्रिया, अशीही स्थिती आता राहिलेली नाही. प्रथम एम.आर.आय. आणि मग नेमक्या जागेचा तुकडा काढून तपासणे, ही पद्धत रूढ झाली आहे. त्या तुकड्याला दिलेल्या ग्लीसन गुणांवरून रोग मंद की उग्र हे ठरते. ब्रिटनमध्ये १,६४३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात निरीक्षण, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार या तिन्ही गटांत १५ वर्षांत या रोगाने झालेले मृत्यू साधारण सारखेच, एकंदर सुमारे पावणेतीन टक्के होते. निरीक्षणाच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण मात्र सुमारे दुप्पट आढळले. म्हणून निरीक्षण म्हणजे दुर्लक्ष नव्हे. ठरलेल्या काळाने रक्त व ग्रंथी यांची परीक्षा होत राहिली पाहिजे. ‘ऑपरेशन नको म्हणाले, म्हणजे आता काढाच पुरे’ असा अर्थ रुग्णाने घेतला तर तो दुरुस्त करणे आपले काम आहे.

उग्र रोगासाठीचे एक महत्त्वाचे संशोधन आपल्या मुंबईतच झाले. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वेदांग मूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी २२४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत, केवळ ग्रंथीऐवजी श्रोणीतील लसग्रंथींनाही किरणोपचार दिल्यास रोग पुन्हा डोके वर काढण्याचे प्रमाण घटते, असे दिसले. पाच वर्षांनी रक्तपरीक्षेत रोग न परतलेले रुग्ण ८१ टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पसरलेल्या रोगात पुरुषी संप्रेरक बंद करणे हा चिकित्सेचा पाया आजही आहे. चार्ल्स हगिन्स यांनी तो १९४१ मध्ये घातला आणि त्याबद्दल त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परळचे टाटा रुग्णालयही १९४१ मध्येच सुरू झाले, हा योगायोग. वृषण हे शुक्रवह स्रोतसाचे मूळ होय असे चरकसंहिता सांगते. त्या मुळाशीच हा उपचार होतो, मग तो महागड्या इंजेक्शनांनी असो वा एकदाच होणाऱ्या स्वस्त शस्त्रक्रियेने.

या रुग्णाला शक्तिपात होतो, घाम फुटतो, स्नायू क्षीण होतात, अस्थी विरळ होतात. तो वैद्याकडे ‘ताकदीचे काहीतरी’ मागतो आणि येथे आपण सावध असले पाहिजे. एकीकडे रुग्णालय जे संप्रेरक बंद करीत आहे, तेच वाढविते अशी ख्याती असलेले कपिकच्छू, शिलाजित किंवा बाजारातील वाजीकर योग दुसरीकडून देणे शास्त्राला व तर्काला धरून नाही. नियमित चालणे, सोसेल असा व्यायाम, पचेल असा पौष्टिक आहार, मलावरोध व निद्रानाश यांवर सौम्य उपाय, हे क्षेत्र आपले आहे. त्यातही जे देऊ ते त्याच्या कर्करोगतज्ज्ञाला लेखी कळवावे. यकृतावर ताण देणारी औषधे चालू असताना हे विशेष अगत्याचे ठरते.

वनस्पतिज औषधांच्या बाबतीत पी.सी.-स्पेस या मिश्रणाची हकीकत प्रत्येक वैद्याला ठाऊक असावी. आठ वनस्पतींचे हे मिश्रण १९९० च्या दशकात अमेरिकेत प्रोस्टेटच्या रुग्णांत लोकप्रिय झाले. ज्येष्ठमधाच्या जातीची मुळीही त्यात होती. रुग्णांचे पी.एस.ए. खरोखरच उतरत होते. पण त्याचबरोबर स्तनवृद्धी होत होती, शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत होत्या. तपासणीत त्यात डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्री-संप्रेरक आणि वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारे औषध आढळले, आणि २००२ मध्ये ते बाजारातून मागे घ्यावे लागले. त्या आठ वनस्पतींत स्वतःचा काही गुण होता की नाही, हा प्रश्न भेसळीमुळे कायमचा गढूळ झाला. पुड्यांची औषधे विकणारे फिरते ‘वैद्य’ आपल्या बाजारपेठांतूनही कमी नाहीत. जीवनसत्त्वांचीही तीच गत. सेलेनियम व ई-जीवनसत्त्व यांनी हा रोग टळेल या आशेने ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर केलेल्या चाचणीत, ई-जीवनसत्त्व घेणाऱ्यांत तो १७ टक्क्यांनी अधिक आढळला, असे २०११ मध्ये जाहीर झाले. ‘निदान अपाय तर नाही’ हे वाक्य म्हणूनच जपून उच्चारावे. आणि कर्करोग बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या औषधी व जादूटोणा उपाय कायद्याने निषिद्ध आहे, याचे स्मरण फलक रंगविताना ठेवावे.

स्तनाच्या कर्करोगाविषयी स्त्रिया आता पुष्कळ मोकळेपणाने बोलतात. पुरुष या रोगाविषयी घरातही बोलत नाहीत, कारण मूत्र व मैथुन या दोन्हींशी त्याचा संबंध आहे. शस्त्रक्रियेनंतर मूत्र गळणे, लिंगाची दुर्बलता येणे हे परिणाम संभवतात. ते आधी सांगितलेले असले म्हणजे रुग्ण खचत नाही. पत्नीला सल्लामसलतीस बसवून घ्यावे असा अनुभव आहे. पुष्कळदा रात्री किती वेळा उठतात हे तीच अचूक सांगते. आणखी काही व्यावहारिक गोष्टी आपणच सांगू शकतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचार येतात, म्हणून शिधापत्रिका व आधारपत्र पहिल्याच फेरीत सोबत असावे. राहण्यासाठी परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अनेक वर्षे रुग्ण व नातेवाईकांना आधार देत आहेत. आपल्या चिठ्ठीत वय, लक्षणांचा काळ, अंगुलीपरीक्षेत काय आढळले, चालू असलेली सर्व औषधे आणि पी.एस.ए. केले असल्यास त्याची तारीख लिहावी. रक्त अंगुलीपरीक्षेच्या आधी घ्यावे.