वसतिगृहात नंबर नाही लागला? ‘स्वाधार’च्या पैशांत मेस भागते का, समजून घ्या

सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. पुणे, मुंबई, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. त्यात जेवणाचे ३२ हजार, राहण्याचे २० हजार, निर्वाह भत्ता ८ हजार.

आता हिशेब. ३२ हजार भागिले १२, म्हणजे महिन्याला साधारण २,६६७ रुपये. दोन वेळचं जेवण धरलं तर एका ताटाला ४४ रुपये. चहा-नाश्ता वेगळाच. खोलीसाठी उरतात महिन्याला १,६६७ रुपये. एवढ्यात पुण्यात कॉट बेसिसवरही जागा मिळणं मुश्कील.

त्यात पैसे खात्यात येतात हप्त्याने, अनेकदा उशिरा. मेसवाल्याला मात्र महिन्याचे आगाऊ लागतात. म्हणून मेस लावताना दराबरोबर खाड्यांचा नियमही विचारून घ्या. गावी गेल्यावर किती दिवसांनंतर खाडे वजा होतात? आधी कळवावं लागतं का? रविवारी संध्याकाळी मेस बंद असते का? असेल तर महिन्याला चार-पाच जेवणं बाहेरची, तीही स्वतःच्या खिशातून.