लहान मुलांसह प्रवास : गिरिस्थाने आणि ऐतिहासिक नगरे

सहलीची आखणी करताना बहुधा मोठ्या माणसांची आवड आणि रजेचे दिवस एवढ्याच गोष्टी विचारात घेतल्या जातात. लहान मूल बरोबर असेल तर हे पुरेसे नाही. वजनाच्या मानाने मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढापेक्षा अधिक असते. त्यामुळे थंडीत त्याच्या शरीरातील उष्णता लवकर निघून जाते आणि उन्हात ते लवकर तापते. शिवाय अगदी लहान मुलाला आपल्याला काय होत आहे, हे सांगता येत नाही. म्हणून प्रवासाची गती मुलाच्या शक्तीवरून ठरविणे श्रेयस्कर होय.

कालका ते सिमला या १९०३ साली सुरू झालेल्या अरुंदमापी लोहमार्गाचे उदाहरण घेऊ. सुमारे ९६ किलोमीटरच्या या प्रवासात गाडी ६५६ मीटर उंचीवरून सुमारे २,०७५ मीटर उंचीवर पोहोचते. दर हजार मीटर चढामागे तापमान साधारणतः साडेसहा अंश सेल्सियसने उतरते. साहजिकच कालक्याला सुती कपडे पुरत असले, तरी सिमल्याला लोकरीचे लागू शकतात. एका जाड कोटाऐवजी दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घातल्यास ते गरजेप्रमाणे उतरविता येतात. वळणांमुळे मुलांना मळमळू लागते. अशा वेळी पुस्तक बाजूस ठेवून दूरचे डोंगर पाहावयास लावावे. निघण्यापूर्वी तेलकट खाणे टाळावे. चढताना वा उतरताना कानांत दडे बसल्यास तान्ह्या मुलास अंगावर पाजावे. गिळण्याच्या क्रियेने कान मोकळे होतात.

सिमल्याच्या उंचीवर विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. तो बहुधा २,५०० मीटरच्या वर जाणवू लागतो. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या दोन-तृतीयांशाइतकाच असतो. विमानाने तेथे थेट पोहोचल्यास शरीराला जुळवून घेण्यास अवधी मिळत नाही. मोठा माणूस डोके दुखत असल्याचे सांगतो. तान्हे मूल मात्र केवळ किरकिर करते, दूध नाकारते, झोपत नाही किंवा ओकते. ही लक्षणे प्रवासाच्या शिणवट्याची समजून दुर्लक्षिणे धोक्याचे आहे. उंचीवर गेल्यानंतर ती दिसल्यास, दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत, उंचीमुळेच ती उद्भवली असे मानावे. आणखी वर जाऊ नये; वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि प्रकृती बिघडत असल्यास विनाविलंब खाली उतरावे. पुढची आरक्षणे वाया गेली तरी हरकत नाही.

ऐतिहासिक नगरांत प्रश्न उंचीचा नसून उन्हाचा आणि थकव्याचा असतो. आग्र्याजवळील फतेपूर सिक्री हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तेथील लाल दगडाची विस्तीर्ण प्रांगणे दुपारी तापतात. शेख सलीम चिश्ती यांच्या दर्ग्याच्या आवारात पादत्राणे काढावी लागतात. म्हणून मुलांसाठी पायमोजे जवळ असावेत. सकाळी लवकर जावे, डोक्यावर टोपी असावी आणि तहान लागण्याची वाट न पाहता मधूनमधून पाणी द्यावे.

सर्व इमारती एका दिवसात दाखविण्याचा आग्रहही धरू नये. कमानींची नावे आणि सनावळ्या यांत लहान मुलाचे मन रमत नाही. परंतु या नगराच्या स्थापनेशी एका मुलाच्या जन्माची हकिकत निगडित आहे, ती त्याला सहज समजते. शेख सलीम यांनी अकबराला पुत्रप्राप्तीचा आशीर्वाद दिला, १५६९ साली राजपुत्र जन्मला आणि त्याचे नाव सलीम ठेवण्यात आले. पुढे तोच जहांगीर म्हणून गादीवर बसला. १५७१ च्या सुमारास अकबराने येथे राजधानी वसविण्यास आरंभ केला. राजवाड्याच्या चौकात फरशीवर आखलेला पचिशीचा भव्य पट पाहिला की घरातील खेळाशी मुलाला त्याचे नाते आपोआप जुळविता येते. तेवढे पाहून, सावलीत विसावून परत फिरले तरी सहल अपुरी राहिली असे होत नाही. दमलेल्या मुलाला ओढत दाखविलेल्या दहा इमारतींपेक्षा आनंदाने पाहिलेला एक चौक त्याच्या स्मरणात अधिक काळ टिकतो.